कुंभारांच्या गावातले भाग

रहिमतपूर, ९ मे

चि. वीरधवल,

मामाचा आशीर्वाद.

तू फोन दगडावर आपटून फोडलास असं आक्काने सांगितलं, म्हणून हे पत्र. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "कोर्टाचं काम हाय का?" म्हटलं, "न्हाई, भाच्याला हाय." तिला ते खरं वाटलं नसावं.

मागे शिराळ्याला येऊन गेलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी शेजारी बसून राहिलो, चहा प्यालो, उठून आलो. तू वळला नाहीस. आक्का सांगते, उजवा हात टॉवेलखाली झाकून जेवतोस आणि दोन घासांत ताट सरकवतोस. परवा तू तिला म्हणालास, "कराडला दवाखान्यात न्यायला अजून उशीर केला असता तर सुटलो असतो." हे मला सांगताना ती रडली नाही. म्हणून मी जास्त घाबरलो.

गेल्या नागपंचमीचं मी तुला काही बोलणार नाही. नाग डसल्यावर तू स्वतःच म्हणालास, "देवीआईचा नाग हाय, आपल्याला काय करत न्हाई." पोरांनी तुला आधी देवीच्या दारात नेऊन अंगारा लावला, वेळ गेला आणि मग दवाखाना. अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली. तुमच्या गावात असं मानणारा तू काही एकटा नाहीस. मीही सकाळी देवापुढे बसल्याशिवाय चहा घेत नाही. पण देवीने तुला डोकंही दिलं आहे, ते काढून घेतलेलं नाही.

एकच मागणं आहे. डॉक्टरांनी डाव्या हाताला वळण लावायला सांगितलं आहे. तर त्या हाताने मला पत्र लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

आणि एक. तू दिवसरात्र बघायचास ती जपानी कार्टूनची मालिका, 'नऊ ज्वाला', ती आमच्या दीपमालाने माझ्या मोबाईलवर लावून दिली आहे. हिंदीत बोलतात. तुला तीत काय दिसलं ते मला बघायचं आहे.

तुझा मामा,
लालासाहेब


शिराळा, २० मे

मामा,

डाव्या हातानं लिहितोय. कोंबडीचे पाय दिसतात.

कार्टून म्हणू नका. अॅनिमे म्हणतात.

तुम्हाला नाही कळायचं. बघायचीच तर पहिल्यापासून बघू नका. मारामारीचे तेवढे बघा. मधे कुंभारांच्या गावातले भाग आहेत, ते सगळेच पुढं ढकलतात. आम्हीपण ढकलले.

वीरधवल


रहिमतपूर, २८ मे

चि. वीरधवल,

तुझं पत्र आलं. मी ते तुझ्या मामीला दाखवलं, दीपमालाला दाखवलं, आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. कोंबडीचे पाय तर कोंबडीचे पाय. कोंबडी चालली, हे महत्त्वाचं.

मालिका मी पहिल्यापासूनच बघतो आहे. पुढं ढकलायचं बटण मला सापडत नाही, आणि दीपमालाला विचारणार नाही. गोष्ट मधूनच कशी ऐकायची? पोथी मी कधी मधून उघडली नाही.

तो तोमा नावाचा मुलगा मला आवडला. अंगात नऊ ज्वाला निजलेल्या, आणि एकेक जागी झाली की पोराचे डोळे पिवळे होतात. पण खरं सांगू, मला त्याच्यापेक्षा तो पांढऱ्या केसांचा बाबा जास्त आवडला. काय शांत बोलतो! कमरेइतके केस, आवाज चढत नाही, रागावत नाही, झाडाखाली डोळे मिटून बसतो. कोणी तरी मोठा साधुपुरुष असावा. त्या पोराने त्याच्या पायाशी बसावं असं मला वाटतं.

आल्याची लावण उरकत आली. कामाला बाई-माणूस मिळत नाही. पाऊस बरा दिसतो.

लिही.

मामा


शिराळा, १० जून

मामा,

तो बाबा नाही. काशिरो आहे तो. सगळ्यात मोठा खलनायक. त्यानंच तोमाचं गाव जाळलं. तुमचं पत्र वाचून मी मोठ्यानं हसलो आणि आई पळत आली, तिला वाटलं मला काही झालं. साधुपुरुष म्हणे!

तुम्ही विचारलं ना, मला त्यात काय दिसलं. ऐका. पहिल्या ज्वालेत तोमा फक्त काडी पेटवू शकतो. तिसरीत झाड. चौथीत अख्खा डोंगर. सहावीत तर त्याला शस्त्र लागतच नाही, नुसता बघतो आणि समोरचा गुडघ्यावर येतो. नवव्या ज्वालेपुढं कोणीच टिकत नाही. ऋषिराज आणि मी तासन् तास भांडायचो, सहावीवाला तोमा जिंकेल का काशिरो. मी म्हणायचो, ताकद असली की बाकीचं आपोआप येतं. मान येतो, माणसं येतात.

माझं तसंच होतं मामा. दहावीला दोनदा बसलो, भरतीत धावताना छाती भरून आली. घरात मला कोणी विचारत नव्हतं. मग पहिल्यांदा नाग धरला. सगळी गल्ली गप्प झाली. माझा बाप असून बापू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघत राहिले. ऋषिराजनं व्हिडिओ टाकला आणि सकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी बघितला. पोरं म्हणायला लागली, "तोमा आला, तोमा आला."

आता परवा सोसायटीच्या कट्ट्यावरनं गेलो तर नानासो म्हणाले, "काय रं, हात मिळवतोस का?" आणि सगळे हसले.

ज्याची ज्वाला विझली त्यानं काय करायचं, ते तुमच्या पोथीत असलं तर सांगा.

वीरधवल


रहिमतपूर, २४ जून

चि. वीरधवल,

तू हसलास ते वाचून काशिरोचे उपकार झाले असं वाटलं. मी माणूस ओळखायला चुकलो हे खरं. पण चुकलो कशाने, ते नंतर लक्षात आलं. तो बाबा पहिल्या भागात जसा होता तसाच विसाव्या भागात आहे. तीच शांती, तेच बोलणं. त्याच्यात काही हलतच नाही. मी त्याला शांती समजलो. ते दगड झालेलं मन होतं.

आता तू ढकललेल्या भागांबद्दल. ते मी बघितले, एकही न सोडता. तुला ते माहीत नाहीत, म्हणून सांगतो.

चौथी ज्वाला तोमाला आवरली नाही आणि जे गाव वाचवायला तो गेला तेच त्याने जाळलं, इथवर तू बघितलं असशील. त्यानंतर त्याच्या सगळ्या ज्वाला विझतात. तो भटकत कुंभारांच्या एका गावात जातो. तिथे त्याला कोणी ओळखत नाही. एक म्हातारी कुंभारीण त्याला चिखल तुडवायला लावते. भाग संपतो तरी तो चिखलच तुडवतो. दुसऱ्या भागात मडकी फोडतो, पळून जातो, भूक लागल्यावर परत येतो. म्हातारी चिखलाकडे बोट दाखवते. मग मडकी भाजायचा आवा पेटवायचं काम त्याच्याकडे येतं. ज्याने डोंगर जाळला त्याला आवा जमत नाही, बघ. कधी मडकी कच्ची राहतात, कधी तडकतात. आग मोठी करणं त्याला येत होतं. धरून ठेवणं येत नव्हतं.

त्या गावात एक मुलगी आहे. जळालेल्या गावातून पळून आलेली. तोमा एक दिवस तिच्यापुढे जाऊन सांगतो, तुझं घर मी जाळलं. मला वाटलं आता ती रडेल, माफ करेल आणि गाणं लागेल. ती माफ करत नाही. पुढच्या भागातही नाही, शेवटपर्यंत नाही. आणि तो तिच्या घरची माती रोज तुडवून देतो. तिथे मी मोबाईल बंद करून गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

तो गाव सोडतो तेव्हा त्याच्याकडे फक्त पहिली ज्वाला परत आलेली असते. काडी पेटवण्याइतकी. त्या काडीच्या उजेडात तो बोगद्यात अडकलेली माणसं बाहेर काढतो. वीरधवल, ज्वाला पहिल्या भागातलीच होती. धरणारा वेगळा होता. पहिल्या भागात मला ती गंमत वाटली होती. आता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ताकद तेवढीच असून हे कसं झालं, याचा मी दोन दिवस आल्याला पाणी पाजताना विचार करत होतो.

ताकद असली की बाकीचं आपोआप येतं, असं तू म्हणतोस. मला उलटं वाटतं. ताकद माणसात जे असतं तेच मोठं करते. रागीट असेल तर मोठा राग, पोकळ असेल तर मोठी पोकळी. माणूस बदलला तरच गोष्ट पुढे सरकते.

तुझी ज्वाला विझली म्हणतोस. मी म्हणतो, तू चिखलात उभा आहेस. ते भाग कोणी बघत नाही, टाळ्याही नाहीत. पण ते ढकलू नकोस.

तुझं अक्षर सुधारलं आहे. ओळ सरळ जाते आता. हात वळायला लागला, हे बघून फार बरं वाटलं.

मामा


शिराळा, ८ जुलै

मामा,

हात वळला. तुमच्यामुळंच वळला.

तुम्ही लिहायला लावलं तेव्हा पेन धरता येत नव्हतं. आता डाव्या हातानं भाकरी मोडतो, बादली उचलतो, सुईत दोरा ओवतो. मागच्या महिन्यात उसाच्या बांधावर धामण धरली. आधी निसटली, मग धरली. त्यानंतर रोज सराव चालला आहे. परवा ओढ्याकाठी नाग होता. लोखंडी आकडीनं दाबला आणि डाव्या हातानं शेपटी धरून उचलला. हात जरा पण कापला नाही. सोडून दिला.

आता पंचमीला सगळ्यांसमोर धरणार. बंदी आहे, मला माहीत आहे. कोणी तक्रार करायच्या आत सोडून देईन. ऋषिराज व्हिडिओ काढणार आहे. "तोमा परत आला" असं वर लिहायचं त्यानं ठरवलं आहे.

तुम्ही कुंभारांचं सांगितलं ते खरं असेल. पण शेवटी काय होतं ते तुम्ही अजून बघितलेलं दिसत नाही. शेवटी तोमाला नववी ज्वाला मिळते आणि तो काशिरोला मारतो. ती मिळाली नसती तर तुमची म्हातारी आणि ती मुलगी दोघी राख झाल्या असत्या. चिखल तुडवला तो नवव्या ज्वालेसाठीच ना? मीही तेच केलं. वर्षभर तुडवला.

आईला सांगू नका.

वीरधवल


रहिमतपूर, १४ जुलै

वीरधवल,

पत्र मिळालं त्याच दिवशी मी शिराळ्याची एसटी पकडली. तू घरी नव्हतास. ऋषिराजच्या मळ्यात गेलास असं कळलं, तिथे गेलो तर पोरं म्हणाली, "आत्ताच गेला की मामा." तुझी चप्पल तिथेच होती. तू वर लपला असशील म्हणून मी माळ्याकडे तोंड करून बोललो, ते तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशीही तू आला नाहीस. इकडे माझी आई अंथरुणाला खिळलेली, तुझ्या मामीला एकटीला उचलवत नाही, म्हणून परतावं लागलं.

आक्काला मी सांगितलं. तू सांगू नको म्हणालास तरी सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. त्याच्या सदऱ्याला ओढ्याचा वास येतोय." एवढंच बोलून ती भांडी घासायला बसली. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "धरू दे की. निदान उठून हिंडायला तरी लागलंय." मला वाटलं, या घरात मी एकटाच वेडा झालो आहे.

मी तुझा हात वळवला. देवापुढे बसतो तेव्हा तेवढंच मनात येतं. एकेका पत्राबरोबर तुझं अक्षर सुधारत गेलं आणि मी आनंदाने घरभर दाखवत सुटलो. तेव्हा तू ओढ्यावर होतास.

शेवटचे भाग परत येताना एसटीत बघितले. पुढे कंडक्टर ओरडत होता, माझं लक्ष नव्हतं. नववी ज्वाला मिळते. काशिरो मरतो. आभाळ फुटतं, समुद्र उकळतो, भागामागून भाग नुसती आग. आणि तुला सांगतो, मला त्यात एकदाही भीती वाटली नाही. ज्याला काही होऊच शकत नाही त्याची काळजी कशी वाटणार? मी जांभई दिली. बोगद्यात हातातली काडी विझायला आली होती तेव्हा मात्र मी सीटची दांडी घट्ट धरली होती.

तू मला नवव्या ज्वालेतला नको आहेस. तुझं काही जाऊ शकतं. सात बोटं आहेत. श्वास आहे. तुझी काळजी मला त्यामुळेच वाटते.

तू म्हणतोस, वर्षभर चिखल तुडवला. बाळा, तू चिखल तुडवला नाहीस. तू परत नाग धरायच्या वेळेची वाट बघत बसलास. तोमा त्या गावातून निघाला तेव्हा त्याला ज्वाला परत मिळेल हे माहीत नव्हतं. त्याने ती मागणं सोडलं होतं. फरक एवढाच आहे आणि तो मला तुला नीट सांगता येत नाही. मी सातवी शिकलेला माणूस आहे. जास्त शब्द असते तर सगळे लिहिले असते.

पाया पडायचं असेल तर पडतो. मामाने भाच्याच्या पाया पडू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

मामा


रहिमतपूर, २३ जुलै

वीरधवल,

उत्तर नाही. आक्काचा फोन लागत नाही. दाजी उचलतात आणि "हाय बरा" म्हणून ठेवतात.

पंचमी जवळ आली. मी आज मालिकेबद्दल काही लिहीत नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. देवापुढे बसतो तर नुसता तुझा डावा हात दिसतो.

जायचंच असलं तर दवाखान्याचा नंबर ऋषिराजकडे देऊन ठेव. कोणी देवीकडे न्या म्हणालं तर ऐकू नकोस. देवी रागावणार नाही. मी तिला सांगितलं आहे.

मामा


शिराळा, २ ऑगस्ट

मामा,

जिवंत आहे. आधी ते लिहितो.

माळ्यावर होतो मी त्या दिवशी. तुम्ही बोललेलं सगळं ऐकलं. उतरलो नाही.

पंचमीला सकाळी आईला सांगितलं, देवळात जाऊन येतो. तिनं नुसतं बघितलं. नानासोंच्या गोठ्यात नाग निघालाय असा निरोप ऋषिराजनं पाठवला होता. गेलो तर तोबा गर्दी. कोणी तरी म्हणत होतं, "वनखात्याला फोन लावा," पण ऐकतंय कोण? मला बघितल्यावर आरडाओरडा झाला. "आला रं आला!" नानासोंनी स्वतः वाट करून दिली. कट्ट्यावर हात मागणारे तेच नानासो. "ये लेका," म्हणाले, "दाव आता."

गव्हाणीखाली होता. मोठा होता मामा, असा मी आजवर बघितला नव्हता. आकडी लावली, ओढून मोकळ्यावर घेतला, त्यानं फणा काढला. माझा हात जागच्या जागी होता. घामपण नव्हता. तेव्हा मी एकदा गर्दीकडं बघितलं. माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. ऋषिराज फोनच्या काचेत बघत होता. त्याच्या मागचे पण सगळे आपापल्या फोनमध्ये बघत होते. मी नागाकडं बघत होतो आणि नाग माझ्याकडं. त्या गोठ्यात आम्ही दोघंच होतो असं वाटलं. आणि त्याला फक्त बाहेर जायचं होतं.

मी धरला असता. हे तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. जमलं असतं. अगदी सहज.

मी आकडी काढली आणि म्हणालो, "मला जमत न्हाई. वाट सोडा."

"काय म्हनला?" ऋषिराज ओरडला. "आरं, चालू हाय व्हिडिओ!"

"जमत न्हाई म्हनलं. मागं सरा."

नाग भिंतीच्या बुडातल्या फटीतनं उसात गेला. सगळा गलका माझ्यावर आला. "भ्यालं बघा!" "एकदा डसला की माणूस कायमचा गार हुतो." नानासो म्हणाले, "ह्याला कुणी बोलावला हुता रं? सणाच्या दिवशी नागोबा दारातनं रिकामा घालवला." ऋषिराजनं व्हिडिओ बंद केला. फोन खिशात घातला आणि माझ्याकडं न बघता गेला. तो अजून बोलत नाही. तो व्हिडिओ त्यानं टाकला. वर काय लिहिलं ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

तुमच्या पत्रामुळं झालं असं समजू नका. त्या वेळी तुमची आठवणसुद्धा नव्हती, तोमाचीही नव्हती. ते कुंभारांचे भाग मी अजून बघितलेले नाहीत. आणि बरंही वाटलं नाही. बरं वाटेल असं मला वाटलं होतं. घरी येताना पाय ओढत आलो. तेव्हापासून बाहेर पडलो नाही. बापू मला बघितलं की उठून जातात. रोज सकाळी जाग आली की आधी तो गलका ऐकू येतो, मग मी डोळे उघडतो. नागाला सोडलं हे कोणाला कळलं नाही मामा. सगळ्यांना मी भ्यालो एवढंच कळलं. आणि आता जन्मभर तसंच राहणार. हे कसं सोसायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असलं तर लिहा, नसलं तरी लिहा.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. चतुर्थीचा भावासाठीचा, तुमच्या नावाचा उपवास तिनं पंचमीला पण सोडला नव्हता, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला दारात बघितलं. आधी एक हात बघितला, मग दुसरा हात बघितला. "धरला?" म्हणाली. मी म्हणालो, "न्हाई." तिनं परत विचारलं नाही. पुरणाच्या दिंडांचं ताट स्वतःकडं ओढलं आणि जेवायला लागली. घाईघाईनं, लहान पोरं जेवतात तशी. मी तिच्यासमोर बसलो आणि ती जेवून उठेपर्यंत हललो नाही.

वीरधवल